ऐकणारा कोण?

सिम्प्सन वाळवंट ओलांडायचं म्हणजे टेकड्या ओलांडायच्या. क्वीन्सलंड, दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमा जिथे मिळतात, तिथे पावणेदोन लाख चौरस किलोमीटरच्या आसपास तांबडी वाळू पसरली आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त महाराष्ट्र. या वाळूत सुमारे अकराशे लांबलचक टेकड्या एकमेकींना समांतर, साधारण उत्तर-दक्षिण पडल्या आहेत. पूर्व-पश्चिम जाणाऱ्याला त्यांतली एकही चुकवता येत नाही. बर्ड्सव्हिल गावापासून ३५ किलोमीटरवर असलेली ‘बिग रेड’ ही सर्वांत नावाजलेली, सुमारे ४० मीटर उंचीची. १९६० च्या दशकात तेल शोधायला आलेल्या एका फ्रेंच कंपनीने या टेकड्यांमधून सरळ रेषेत एक वाट पाडली. तेल काही मिळालं नाही, वाट मात्र राहिली. ‘फ्रेंच लाइन’ म्हणून ती आजही वापरात आहे.

अशा टेकडीवर गाडी चढवताना टायरमधली हवा कमी केलेली असते आणि वेग राखावा लागतो, नाहीतर चाकं वाळूत रुततात. माथा जवळ आला की चालकाला समोर फक्त बॉनेट आणि आभाळ दिसतं. थांबून पलीकडे डोकावायची सोय नाही. त्याच वेळी पलीकडूनही कुणी असंच वेग घेऊन, आभाळाकडे बघत वर येत असेल तर दोघांची भेट थेट माथ्यावर होते. म्हणून इथे दोन गोष्टी पाळल्या जातात. गाडीला लवचीक काठीवर भडक रंगाचं निशाण लावायचं, टोक जमिनीपासून साडेतीन मीटर उंच, म्हणजे गाडी दिसण्याआधी निशाण दिसेल. आणि रेडिओ चॅनेल दहावर ठेवून मधूनमधून सांगत राहायचं: ‘फ्रेंच लाइनवर, पूर्वेकडे निघालोय, तीन गाड्या.’ पलीकडे कुणी असेल तर तो उत्तर देतो, आणि एकजण बाजूला थांबतो.

माउंट डेअर ते बर्ड्सव्हिल या पाचशे किलोमीटरच्या आसपासच्या प्रवासात पेट्रोल पंप, दुकान, वस्ती यांपैकी काही नाही. मोबाइलचा टॉवरही नाही. ऑस्ट्रेलियातली सर्वांत मोठी मोबाइल कंपनी देशाच्या ९९ टक्क्यांहून अधिक लोकसंख्येपर्यंत पोचल्याचं सांगते आणि ते खरंच आहे, पण भूभागाचा विचार केला तर ते जाळं साधारण एक तृतीयांश देशावरच आहे. उरलेल्या दोन तृतीयांशात माणसंच नाहीत म्हणून टॉवर नाहीत. ऑफ-रोडिंग करणाऱ्याला नेमकं तिथेच जायचं असतं.

या छंदाविषयी बोलताना आपल्याकडे चर्चा लगेच उपकरणांवर जाते. कोणता वॉकीटॉकी, किती वॅट, सॅटेलाइट फोन घ्यावा की नको. माझ्या मते आधीचा प्रश्न वेगळा आहे: तुम्ही बोलाल तेव्हा ऐकणारा कोण असेल आणि तो किती लांब असेल? पुढच्या गाडीतला सोबती, हजार किलोमीटरवर खुर्चीत बसलेला स्वयंसेवक आणि बचाव पथक हे तीन वेगळे श्रोते आहेत. प्रत्येकासाठी साधन वेगळं लागतं आणि एकाचं काम दुसऱ्याने भागत नाही. ऑस्ट्रेलियाने ही गोष्ट शंभर वर्षांत, बरीच माणसं गमावून शिकून घेतली.

१९१७ साली वायव्य ऑस्ट्रेलियातल्या हॉल्स क्रीकजवळ जिमी डार्सी नावाचा गुराखी घोड्यासकट पडून जबर जखमी झाला. गावात डॉक्टर नव्हता, पण तारयंत्र होतं आणि ते चालवणारा पोस्टमास्तर टकेट होता. त्याने दोन हजार किलोमीटरहून दूर असलेल्या पर्थच्या डॉ. हॉलंडना तार केली. तिकडून मोर्समध्ये सूचना येत गेल्या आणि इकडे टकेटने खिशातल्या चाकूने शस्त्रक्रिया केली. ती पार पडली, हे आजही अविश्वसनीय वाटतं. पुढे प्रकृती बिघडली तेव्हा डॉक्टर स्वतः निघाले. बोट, मोटार, घोडागाडी आणि शेवटी पायपीट करून ते पोचले, तर डार्सी आदल्याच दिवशी गेला होता. ही हकीकत देशभरच्या वर्तमानपत्रांत गाजली. आतल्या ओसाड प्रदेशात सेवाकार्य करणारे पाद्री जॉन फ्लिन यांच्या डोक्यात विमानाने डॉक्टर नेण्याची कल्पना घोळत होती, तिला या मृत्यूने बळ दिलं.

१७ मे १९२८ रोजी क्लॉनकरीहून ज्युलिया क्रीककडे फ्लिन यांच्या सेवेचं पहिलं विमान उडालं. हीच पुढे रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस झाली. पण डॉक्टर उडू लागला तरी त्याला बोलावणार कसं? शेकडो किलोमीटरवरच्या एकाकी गुरांच्या वाडीत तारही नव्हती आणि वीजही नव्हती. हे कोडं ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगर यांनी सोडवलं. त्यांनी सायकलसारखे पॅडल असलेलं छोटं जनित्र बनवलं. खुर्चीत बसायचं, पाय मारायचे आणि त्या विजेवर रेडिओ चालवायचा. १९२९ साली क्वीन्सलंडमधल्या ऑगस्टस डाउन्स या वाडीत असा पहिला संच बसला. सुरुवातीला त्यावर मोर्सच चालायचं. सगळ्यांना मोर्स येईना, तेव्हा ट्रेगर यांनी टंकलेखन यंत्रासारखा कळफलक जोडला: अक्षर दाबलं की त्याचा मोर्स संकेत आपोआप जाई. काही वर्षांनी आवाजही जाऊ लागला.

ट्रेगर यांच्या यंत्राचं कौतुक पुष्कळ होतं. त्याच्या बरोबरीने मला महत्त्वाचं वाटतं ते या व्यवस्थेचं दुसरं टोक. तळावर ठरलेल्या वेळी माणूस बसलेला असे आणि तो एकेका वाडीचं नाव घेऊन हाक मारत असे. हाकेला उत्तर आलं नाही की चौकशी सुरू. रात्री तळावरची माणसं झोपलेली असताना निकड आली तर? त्यासाठी वेगवेगळ्या सुरांच्या छोट्या शिट्या होत्या. त्या मायक्रोफोनजवळ वाजवल्या की तळावरचं यंत्र तो सूर ओळखून घंटा वाजवी. याच रेडिओवर दिवसाची एक वेळ बायकांच्या गप्पांसाठी राखून ठेवलेली असे. महिनोन्‌महिने दुसरं माणूस न दिसणाऱ्या त्या घरांत तीही निकडच होती. आणि १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्जमधून याच लहरींवर शाळा सुरू झाली, ‘स्कूल ऑफ द एअर’.

आजच्या चारचाकीवाल्यांनी ही ‘हजेरी’ची पद्धत जशीच्या तशी उचलली. ‘व्हीकेएस-७३७’ नावाचं एचएफ रेडिओचं जाळं १९९० च्या दशकापासून प्रवाशांसाठी चालतं. सभासद रोज ठरलेल्या वेळी आपण कुठे आहोत आणि उद्या कुठे जाणार ते सांगतात. पलीकडचा स्वयंसेवक ते टिपून ठेवतो.

आता थोडं भौतिकशास्त्र. ते टाळून उपकरणं विकत घेणारे पस्तावतात.

टेकडीवर हाक देणारा रेडिओ म्हणजे यूएचएफ सीबी. तो ४७७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालतो, क्षमता फार तर पाच वॅट. परवान्याची गरज नाही. १९७७ पासून तो तिथे आहे. आधी त्याला ४० चॅनेल होते, २०११ पासून ८० झाले. त्यांची वाटणी सगळ्यांना पाठ असते: ट्रकवाले चाळीसवर, कॅरॅव्हानवाले अठरावर, चारचाकीचे ताफे दहावर. पाच आणि पस्तीस फक्त संकटासाठी राखीव. या लहरीची लांबी सुमारे ६३ सेंटिमीटर असते, त्यामुळे वीतभर अँटेनाही चालून जातो. पण लहर जवळपास सरळ रेषेत जाते. मध्ये डोंगर आला की त्याच्यामागे रेडिओची सावली पडते. सपाटीवर दोन गाड्यांमध्ये दहा-पंधरा किलोमीटर बोलता येईल, टेकड्यांमध्ये तेच अंतर दोन-तीनवर येतं. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात दोन वळणं मागे पडलेल्या गाडीशी वॉकीटॉकीवर बोलता येत नाही, याचंही कारण हेच. तिथे रेडिओ बिघडलेला नसतो, मध्ये सह्याद्री असतो.

इथेच अँटेनाविषयीचा एक गैरसमज निस्तरायला हवा. जास्त ‘गेन’चा अँटेना म्हणजे चांगला अँटेना असं दुकानदार सांगतात. अँटेना शक्ती निर्माण करत नाही, असलेली शक्ती पसरवतो. तोच पिठाचा गोळा थापून मोठी भाकरी करा, घेर वाढेल पण जाडी घटेल, तसं. जास्त गेनचा अँटेना शक्ती आडव्या पातळ थरात लांबवर फेकतो. सपाट मैदानात ते उत्तम. दरीत मात्र वरच्या वळणावरची गाडी त्या थराच्या वर राहते आणि खालची खाली. डोंगराळ मुलखात कमी गेनचा, ठेंगणा अँटेनाच बरा. लांबच्या प्रवासाला निघणारे जाणकार दोन्ही बाळगतात.

हजार किलोमीटरवरच्या स्वयंसेवकापर्यंत ही सरळ जाणारी लहर पोचणार नाही, कारण मध्ये पृथ्वीचाच फुगवटा येतो. त्यासाठी एचएफ, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्‌झच्या लहरी. जमिनीपासून साधारण शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशाने विद्युतभारित झालेले हवेचे थर आहेत. त्यांना आयनांबर म्हणतात. एचएफ लहर वर जाऊन तिथून वळते आणि शेकडो-हजारो किलोमीटरवर खाली उतरते. १९२४ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड ॲपलटन यांनी प्रयोगाने या थराचं अस्तित्व दाखवलं आणि १९४७ साली त्यांना नोबेल मिळालं. कोलकात्यात शिशिरकुमार मित्र याच आयनांबराचा अभ्यास करत होते. वरच्या वातावरणावरचा त्यांचा ग्रंथ त्याच १९४७ साली निघाला आणि जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला.

आयनांबर सूर्याच्या तालावर चालतं. दिवसा खालचा थर कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो, रात्री तो विरतो. म्हणून एचएफवाल्यांचा नियम: सूर्य वर तर फ्रिक्वेन्सी वर, सूर्य खाली तर फ्रिक्वेन्सी खाली. एक विचित्र गोष्टही घडते. तुमची हाक हजार किलोमीटरवर खणखणीत ऐकू जाते आणि ऐंशी किलोमीटरवरच्या गाडीला काहीच कळत नाही. जमिनीलगत जाणारी लहर तिथवर पोचायच्या आधी विरलेली असते आणि आकाशातून परतणारी लहर तिच्या डोक्यावरून पुढे जाते. अशा वेळी तो हजार किलोमीटरवरचा श्रोता शेजारच्या गाडीला तुमचा निरोप पोचवतो! शिवाय पाच मेगाहर्ट्‌झची लहर साठ मीटर लांब असते. गाडीवर तेवढा अँटेना उभारता येत नाही, म्हणून दोन मीटरच्या काठीत गुंडाळी घालून, यंत्राकडून तिचा मेळ जुळवून काम भागवतात. त्यात बरीच शक्ती वाया जाते. एचएफ संच महाग असतो, जड असतो आणि खरखरतो. सौर वादळ आलं तर तासन्‌तास मुका होऊ शकतो. मे २०२४ मध्ये असं मोठं वादळ झालं. लडाखमधल्या हानले इथे त्या रात्री आकाश तांबडं झालेलं कॅमेऱ्यांनी टिपलं आणि जगात अनेक ठिकाणी एचएफ संपर्क विस्कळीत झाला.

इतकं असूनही एचएफला अजून चाहते आहेत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. सॅटेलाइट फोनवर एकच माणूस ऐकतो, तोही तुम्ही ज्याचा नंबर लावला तोच. रेडिओवर सगळे ऐकतात. पुढचा ओढा चढलाय, अमुक विहिरीजवळ एक कुटुंब अडकलंय, ही माहिती न विचारता कानावर पडते.

उपग्रहांनी मात्र तिसऱ्या श्रोत्याचा, म्हणजे बचाव पथकाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवला. इरिडियमचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून ध्रुवांवरून फिरत असतात, त्यामुळे पृथ्वीवर कुठूनही फोन लागतो. अट एकच, डोक्यावर मोकळं आकाश हवं. अरुंद घळीत उपग्रह डोंगराआड जाईपर्यंत जेमतेम दोन वाक्यं होतात. त्याहून साधं साधन म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन. तळहातावर मावणारा हा डबा वर्षानुवर्षं पडून राहतो आणि एकदाच वापरायचा असतो. अँटेना उघडला, कळ दाबली की तो ४०६ मेगाहर्ट्‌झवर आपली ओळख आणि जागा किमान २४ तास पाठवत राहतो. ऐकणारी व्यवस्था म्हणजे कॉस्पास-सारसॅट. शीतयुद्ध ऐन भरात असताना, १९७९ साली, अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी एकत्र येऊन तिचा करार केला. सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडात कोसळलेल्या विमानातले तिघे तिच्यामुळे वाचले. तिची ती पहिली सुटका. भारतही या व्यवस्थेत आहे. इस्रोचं नियंत्रण केंद्र बेंगळुरूला आहे.

बीकनची मर्यादाही ओळखून घ्यावी. तो बोलत नाही. पाय मोडलाय की पाणी संपलंय, एकजण आहे की सहा, हे तो सांगू शकत नाही. ती माहिती नोंदणी करताना दिलेल्या घरच्या फोन नंबरवरून मिळते. बचाव केंद्र आधी तिथे विचारतं: ही व्यक्ती खरंच प्रवासाला गेली आहे का, कुठे, किती जण, कोणती गाडी. घरच्यांना काहीच ठाऊक नसेल तर तिथेच वेळ जातो. म्हणजे अवकाशात उपग्रह असूनही गाडं पुन्हा घरच्या माणसापाशीच येऊन थांबतं.

डिसेंबर १९६३ मध्ये बर्ड्सव्हिल ट्रॅकवर पाच जणांचं एक कुटुंब वाट चुकलं. पेट्रोल संपलं. ऑस्ट्रेलियात डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. गाडीत चिठ्ठी ठेवून ते बाहेर पडले आणि पाचही जण उन्हाने गेले. त्यांच्याकडे रेडिओ नव्हता आणि ते अमुक दिवशी पोचायला हवेत म्हणून घड्याळाकडे बघत बसलेलं कुणी नव्हतं. तेव्हापासून त्या मुलखात पर्यटकांना सांगितली जाणारी पहिली सूचना आहे: गाडी सोडू नका. विमानातून चालणारा माणूस दिसत नाही, गाडी दिसते. पण गाडीपाशी थांबण्यात अर्थ तेव्हाच, जेव्हा शोधायला कुणीतरी निघणार असेल.

आता आपल्याकडे येऊ. दर उन्हाळ्यात मुंबई-पुण्याहून कितीतरी ताफे स्पिती आणि लडाखकडे निघतात. ऑस्ट्रेलियातली यादी घेऊन तिथे जाणारा थेट अडचणीत येईल, कारण इथला कायदा वेगळा आहे. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं भारतात गुन्हा आहे. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा यांच्यापासून हे बंधन चालत आलं आहे. सुरक्षेच्या कारणाने ते नंतर आणखी कडक झालं. उपग्रहावरून संदेश पाठवणारी खिशातली उपकरणंही यात येतात. परदेशात कुठल्याही दुकानात मिळणारं असं उपकरण सामानात सापडलं म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांवर कारवाई झाली. अमेरिकेहून येणारा भाचा ‘मामा, तुमच्यासाठी आणतो’ म्हणाला तर त्याला प्रेमाने नाही म्हणा. बीकन नेण्याचा विचार असेल तर तो भारतीय कोडचा आणि नोंदणी केलेला हवा. दुसऱ्या देशात नोंदवलेला आणण्यापूर्वी दूरसंचार विभागाला विचारून घ्यावं.

वॉकीटॉकीचंही तसंच. ऑस्ट्रेलियातला ४७७ मेगाहर्ट्‌झचा संच इथे चालवता येत नाही. भारतात २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा कमी क्षमतेच्या संचांसाठी परवानामुक्त केला आहे. २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा जुना सीबी पट्टाही पाच वॅटपर्यंत मोकळा आहे. यात बसणारा, मान्यताप्राप्त संच खुशाल घ्या. संकेतस्थळांवर हजार-दोन हजारांत मिळणारे आणि वाटेल त्या फ्रिक्वेन्सीवर बोलणारे संच मात्र यात बसत नाहीत, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. २०२५ साली केंद्र सरकारने अशा विक्रीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती उगाच नाही. सीमेजवळ, लष्कराच्या फ्रिक्वेन्सीवर चुकून बोलणारा पर्यटक हा गमतीचा विषय नाही. ज्याला खरोखर दूरवर बोलायचं आहे त्याने हॅम, म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा द्यावी. बारा वर्षं पूर्ण झालेला कुणीही ती देऊ शकतो, आणि खालच्या श्रेणीसाठी मोर्सही लागत नाही. परवाना मिळाल्यावर आयनांबराशी खेळण्याची मजा काही और.

म्हणजे हिमालयात सर्वसामान्य चालकाकडे काय उरतं? परवानामुक्त वॉकीटॉकी, मोबाइल, वाटेतल्या चौक्या आणि डोकं. यातल्या मोबाइलविषयी: जम्मू-काश्मीर आणि लडाखबाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेडच लागतं. लेहला उतरल्यावर हे कळून हिरमुसलेली माणसं दर मोसमात दिसतात. ताफ्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असावीत. बोलणं होत नसेल तिथेही संदेश कधीकधी सुटतो, कारण त्याला सलग सिग्नल लागत नाही, क्षणभराचा पुरतो. म्हणून खिंडीच्या माथ्यावर फोटो काढायला थांबाल तेव्हा आधी घरी दोन ओळी पाठवा.

त्या दोन ओळींत जागा लिहाल तर नीट लिहा. स्पितीकडचं चंद्रताल सरोवर ३२.४८ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. हाच आकडा कुणी ‘३२ अंश ४८ मिनिटं’ असा वाचला तर शोधणारे सुमारे ३५ किलोमीटर उत्तरेला, भलत्याच डोंगरात जातील. दशांश आहे की अंश-मिनिटं, हे शब्दांत लिहावं. सोबत ओळखीची खूण: अमुक पूल, अमुक धाबा, मैलाचा तमुक दगड.

आतल्या वाटांवर, परवाना लागतो तिथे, चौकीवर नोंद होते. बरेचजण ती कटकट समजून घाईने उरकतात. प्रत्यक्षात ही आपल्याकडची सर्वांत भरवशाची हजेरी आहे. तिथल्या शिपायाला पुढचा मुक्काम आणि परतीचा दिवस सांगा, वाटेत काही कळलं का ते विचारा. सकाळी तिकडून आलेल्या ट्रकवाल्याने सांगितलेली बातमी कुठल्याही ॲपपेक्षा ताजी असते. जुलै २०२३ मध्ये अवेळी बर्फ आणि दरडींमुळे चंद्रतालला जवळपास तीनशे पर्यटक अडकले होते. सुटका व्हायला दिवस लागले, आणि तेवढे दिवस महाराष्ट्रासह देशभरच्या घरांत फोन लागत नाही म्हणून जीव टांगणीला लागलेले. अशा वेळी नेमकं कोण कुठे आहे याची यादी प्रशासनाकडे असणं, ही निम्मी सुटका असते.

ताफ्यात बोलण्याची शिस्त ऑस्ट्रेलियन लोकांकडून जरूर घ्यावी. सर्वांत अनुभवी चालक पुढे आणि दुसरा अनुभवी सर्वांत मागे. दर वळणावर आपल्या मागची गाडी दिसते का ते प्रत्येकाने बघायचं. दिसली नाही तर थांबायचं. असं केलं की रेडिओ बंद पडला तरी सगळा ताफा आपोआप थांबतो. बोलताना कळ दाबून क्षणभर थांबायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि ‘उजवीकडे जाऊ नका’ मधला ‘उजवीकडे’च हरवतो. या एफएम संचांवर दोघे एकदम बोलले तर जवळचा किंवा जोरकस आवाजच ऐकू येतो, दुसरा पुसला जातो. तेव्हा गाणी, विनोद आणि निवडणुकीच्या गप्पा मुक्कामी. एक संच तरी रात्री चार्ज करून बंद ठेवावा. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून तो झोपताना पांघरुणात घ्यावा.

आणि निघण्यापूर्वी घरी एक कागद ठेवावा. त्यावर रोजचा मार्ग आणि मुक्काम, गाडीचा नंबर आणि रंग, सगळ्यांची नावं, रक्तगट, सोबतच्या दोघांचे फोन. त्याखाली एक वेळ ठळक अक्षरांत: अमुक तारखेला संध्याकाळी इतक्या वाजेपर्यंत संदेश आला नाही, तर आधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करायचा आणि तिथे पोचलेलो नसू तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला. त्या कक्षाचा नंबर शोधून लिहून ठेवायचा, कारण पुण्यात बसून ११२ फिरवलं तर तो फोन महाराष्ट्रातच घेतला जाईल, स्पितीतल्या काझाला नाही. ती वेळ ठरवताना दरड, पंक्चर आणि बंद टॉवर यांची सूट धरून अर्धा-एक दिवस जास्त द्या, नाहीतर चुकीच्या हाकाटीने सगळेच दमतील. आणि हा कागद घरात सगळ्यांत शांत डोक्याचं जे माणूस असेल त्याच्या हातात द्या. बहुतेक घरांत ती आईच असते.